ऊन आधी की माणूस?

संशयी : दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या निसर्गचित्रांबद्दल माझी तक्रार नाही. पाणी, धुकं, बर्फ, गवताच्या गंजी हे सगळं तुटक फटकाऱ्यांनी रंगवलं म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. गंजीला चेहरा नसतो. माझा आक्षेप चित्रात माणूस आला की सुरू होतो. रेन्वारनं १८७६ च्या प्रदर्शनात एका तरुणीचं उन्हातलं अर्धचित्र मांडलं होतं. ती झाडीत आहे, पानांतून गाळून आलेलं ऊन तिच्या उघड्या अंगावर पडलं आहे आणि त्वचेवर हिरवट, जांभळट डाग आहेत. आल्बेर वोल्फ या टीकाकारानं 'ल फिगारो'मध्ये त्या अंगाला सडत चाललेल्या मांसाची उपमा दिली. उपमा क्रूर होती, पण तिच्यामागची अस्वस्थता मला खोटी वाटत नाही. गालाला आणि गवताला एकाच कुंचल्यानं, एकाच घाईनं हाताळायचं, माणसाच्या अंगावर पानाचा रंग चढवायचा आणि बघणाऱ्यानं त्याला सौंदर्य म्हणायचं, हे मला पटत नाही. माणूस आणि त्याच्यामागचं झुडूप यांत चित्रकाराला फरकच करायचा नसेल, तर त्यानं माणूस रंगवावा तरी कशाला?

रसिक : फरक करायला त्याची ना नाही. आधीच ठरून गेलेला फरक तो मानत नाही, एवढंच. चित्रकलेच्या वर्गात मुलाला त्वचेचा रंग शिकवतात : यलो ऑकर, पांढरा, थोडा लाल आणि सावलीसाठी तपकिरी. हा रंग कोणाच्या गालावर कोणी पाहिलेला नसतो, तो पाठ केलेला असतो. आपल्या या दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीवरून उतरा आणि सदर बाजाराच्या गल्ल्यांत शिरा. जिथे दुकानांवर निळी ताडपत्री ताणलेली असेल, तिथे भर दुपारी उभ्या असलेल्या माणसाचं कपाळ निळसर दिसेल आणि हनुवटीच्या खाली, जमिनीवरून उसळलेल्या उन्हामुळे, पिवळा उजेड असेल. आपल्या लक्षात तो येत नाही, कारण माणूस गव्हाळ वर्णाचा आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. डोळा जे पाहतो ते मन लगेच दुरुस्त करतं. रेन्वार त्या दुरुस्तीच्या अलीकडे थांबला.

मोनेचं १८७५ चं छत्री घेतलेल्या स्त्रीचं चित्र घ्या, आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते. त्याची बायको कामीय चढावर उभी आहे, थोड्या अंतरावर मुलगा जाँ आहे आणि आपण खालून वर पाहतो आहोत. तिचा पोशाख पांढरा, असं आपण सहज म्हणून जातो. पण सूर्य तिच्या पाठीमागे आहे, त्यामुळे पोशाखाची आपल्याकडची बाजू सावलीत आहे आणि तिथे निळा, जांभळा, करडा असे रंग आहेत. निव्वळ पांढरा फक्त जिथे ऊन कडेला चाटून जातं तिथे. बाहीवर खालच्या रानफुलांचा पिवळा उजेड चढला आहे. मोनेला कळलं होतं ते हे, की सावलीतही उजेड असतोच, फक्त तो सूर्याऐवजी आकाशाकडून येतो, म्हणून निळा असतो. ज्यानं सावलीत तपकिरी भरला, त्यानं आकाशच चित्रातून काढून टाकलं.

संशयी : हे आकाश सेन नदीच्या खोऱ्यातलं आहे, हे विसरू नका. तिथली हवा ओलसर आणि ऊन तिरकं. दिल्ली साधारण २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य इथे ८५ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. पॅरिसमध्ये त्याच दिवसांत तो ६५ अंशांच्या वर जात नाही. हा आकड्यांचा फरक थेट चेहऱ्यावर उतरतो. तिरकं ऊन गालावरून घसरत जातं, डोळ्यांत शिरतं, ओठांना उठाव देतं. डोक्यावरचं ऊन कपाळ पांढरंफटक करतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतं आणि नाकाची सावली ओठांवर टाकतं. अशा उन्हात रंग खुलत नाहीत, जळतात. इथल्या माणसाला फ्रेंच कवडशांत उभं करणं म्हणजे त्याला दुसऱ्याच्या हवेत श्वास घ्यायला लावणं.

अमृता शेरगिलला हे कळलं होतं. ती पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये लूस्याँ सिमोंकडे शिकली. १९३४ च्या अखेरीस भारतात परतली आणि १९३५ मध्ये तिनं तीन मुलींचं चित्र केलं. त्याला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आज ते आपल्या जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यात कवडसे शोधून सापडणार नाहीत. मोठमोठे, शांत रंगसमूह आहेत, आणि तीन चेहरे आहेत, ज्यांच्यावरून नजर हलत नाही. पॅरिसची विद्या हातात असलेल्या बाईनं इथली माणसं रंगवताना ती लकाकी बाजूला ठेवली, गोगँकडे पाहिलं आणि पुढे १९३६ मध्ये अजिंठ्याकडे. याला काही अर्थ आहे की नाही?

रसिक : आहे. पण ती कवडसे सोडून पुन्हा तपकिरी सावलीकडे गेली नाही, हेही पाहा. तिच्या चित्रांत सावली हिरवी असू शकते, लाल असू शकते. रंग हा वस्तूला चिकटलेला गुण नसून दोन रंगांच्या शेजारातून तयार होतो, ही समज तिनं टाकली नाही. ती समज मोने-रेन्वारच्या पिढीनं कॅनव्हासवर आणली होती. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्येच दाखवून दिलं होतं की शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा दिसतो. शेरगिलनं तिथला हवामानाचा भाग सोडला आणि पाहण्याची शिस्त ठेवली.

उन्हाच्या कोनाचं म्हणाल, तर तो एका ऋतूतल्या एका प्रहराचा आहे. डिसेंबरात दिल्लीचा मध्यान्हीचा सूर्य ३८ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे पॅरिसच्या उन्हाळ्यापेक्षा कितीतरी खाली. आणि मे-जूनच्या भाजत्या उन्हातही चेहरा नुसता वरून उजळत नाही. धुळीनं भरलेली जमीन खालून उजेड परत फेकते, डोक्यावरून घेतलेल्या ओढणीतून झिरपलेला रंग गालावर उतरतो. हे पाहायला फ्रान्सला जावं लागत नाही, पाठ केलेलं विसरावं लागतं. ते इथे घडलंही आहे. इंदूरच्या कलाशाळेत डी. डी. देवळालीकर नावाच्या मराठी शिक्षकानं विद्यार्थ्यांना उघड्यावर नेलं, माळव्याच्या उन्हात रंगवायला बसवलं. नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. फ्रेंच रंगपेटीची नक्कल करून हे साधलं नसतं. त्यांना मिळाली ती परवानगी होती, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची.

संशयी : हिंदूरावचं नाव तुम्ही काढलंत, तर तिथलीच साक्ष काढतो. बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, कागलचे हिंदूराव घाटगे यांच्या नावानं आज जे रुग्णालय ओळखलं जातं, तिथलं मूळ घर १८३० च्या सुमारास विल्यम फ्रेझर या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यानं बांधलं. १८३५ मध्ये फ्रेझरचा दिल्लीत खून झाला आणि नंतर ते घर हिंदूरावांकडे आलं. घर बांधण्याच्या कितीतरी आधी, १८१५ ते १८१९ या काळात, हा फ्रेझर आणि त्याचा भाऊ जेम्स बेली फ्रेझर दिल्लीच्या चित्रकारांकडून माणसांची चित्रं काढून घेत होते. नव्वदहून अधिक चित्रं. त्यांत खेडूत आहेत, फौजेत नव्यानं भरती झालेले तरुण आहेत, अफगाण घोडेव्यापारी, साधू, नर्तकी आहेत. १९७९ मध्ये ती फ्रेझर घराण्याच्या कागदपत्रांत सापडली. जाणकार ती गुलाम अली खान यांच्या घराण्यातल्या आणि त्यांच्या भोवतालच्या चित्रकारांची मानतात.

त्या चित्रांत ऊन नाही, प्रहर नाही. कोऱ्या कागदावर माणूस उभा आहे, पायाशी असलीच तर पुसट सावली. पण दाढीचा केस न् केस, पागोट्याचा पीळ, अंगावरच्या कापडाची घडी, एका डोळ्यातली किंचित धास्ती, सगळं नोंदलेलं आहे. आणि कित्येक चित्रांवर त्या माणसाचं नाव लिहिलेलं आहे. साधा खेडूत, ज्याचं नाव कुठल्या बखरीत येणार नव्हतं, तो दोनशे वर्षांनीही नावानिशी आपल्यापुढे उभा आहे. ऊन सरकतं आणि माणूस राहतो, हे त्या चित्रकारांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सरकणारं वगळलं. आता तुमच्या छत्रीवाल्या कामीयकडे पाहा. तिचा चेहरा जाळीदार बुरख्याआड थोड्याशा फटकाऱ्यांत आटोपला आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात ती समोर आली, तर त्या चित्रावरून तुम्ही तिला ओळखाल?

रसिक : ओळखणार नाही. आणि फ्रेझरच्या चित्रकारांपुढे मीही मान तुकवतो. तरीही दोन गोष्टी विचारतो. ही ओळख कोणासाठी होती? नव्यानं सत्ता बसवणाऱ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्यासाठी. त्याला या माणसांबद्दल मनापासून कुतूहल असेल, पण माणूस ओळखता येणं म्हणजे त्याच्याबद्दल माया असणं नव्हे. नाव तर भरतीच्या नोंदवहीलाही लागतं. चित्रकाराच्या हातात प्रेम होतं हे मला दिसतं, पण त्या कोऱ्या कागदानं माणसाला त्याच्या शेतापासून, घरापासून, त्या दिवसाच्या हवेपासून कापून वेगळं केलं हेही दिसतं.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या चित्रांत चार माणसं ओळीनं उभी असली तरी एकटी असतात. एकाच्या अंगरख्याचा रंग दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. रेन्वारच्या १८७६ च्या 'मूलँ द ला गालेत'मध्ये मोंमार्त्रच्या बागेत रविवारचा नाच चालला आहे. कष्टकरी मुली आहेत, चित्रकाराचे मित्र आहेत. झाडांतून आलेले उन्हाचे ठिपके एका पुरुषाच्या कोटाच्या पाठीवर पडले आहेत आणि तसेच बाकावर, जमिनीवर, मुलींच्या कपड्यांवर. एकीच्या झग्याचा निळा दुसऱ्याच्या सावलीत मिसळला आहे. या चित्रात कोणी सुटा नाही. प्रत्येकाच्या रंगात शेजारच्याचा वाटा आहे. तुम्ही विचारलंत, माणूस आणि झुडूप यांत फरक का नाही. मी म्हणतो, माणूस जगात ज्यांच्यासोबत असतो, त्यांच्यासकट तो इथे रंगवला आहे. कोऱ्या कागदावर हे नातं दाखवायला जागाच नव्हती.

संशयी : नात्याची ही कल्पना सुंदर आहे, पण ती रेन्वारलाच पुरली नाही. १८८१ मध्ये तो इटलीला गेला, जुन्या चित्रकारांची रेखांकनं पाहिली आणि आपल्याला रंगवता येत नाही, रेषा धरता येत नाही, या शंकेनं त्याला घेरलं. त्याचं 'छत्र्या' हे चित्र या शंकेचा पुरावाच आहे. उजवीकडची बाई आणि मुलं १८८१ च्या सुमाराची, मऊ, पिसासारख्या फटकाऱ्यांची. डावीकडची टोपली घेतलेली तरुणी चार-पाच वर्षांनंतरची, आणि ती घट्ट रेषेत, आखीव घडणीत रंगवली आहे. एकाच कॅनव्हासवर एकाच चित्रकारानं स्वतःच्या मताविरुद्ध मत दिलं आहे. आणि गर्दीतून डोळ्यांना डोळे भिडतात ते डावीकडच्या तरुणीचे.

याचं कारण मला फटकाऱ्यात दिसतं. फटकारा उघडा राहिला की मला चित्रकाराचा हात दिसतो, त्याची गती दिसते, त्याचा आनंद दिसतो. समोरची व्यक्ती त्याच्या आनंदाचं निमित्त उरते. जुन्या व्यक्तिचित्रकारानं रंग गुळगुळीत केला, कुंचल्याची खूण पुसली, त्यात नम्रता होती. मी नाही, ही व्यक्ती पाहा, असं तो म्हणत होता. मोकळा फटकारा मला नेहमी सही वाटतो. ती व्यक्तीच्या गालावर केलेली असते, म्हणून मला खटकते.

रसिक : सगळे फटकारे एका जातीचे नसतात. छत्रीच्या चित्रापाशी पुन्हा या. गवतात फटकारे आखूड आहेत, उभे-तिरपे, एकमेकांत घुसणारे. आकाशात रुंद आणि मोकळे, ढग कसे सरकतात त्या दिशेनं ओढलेले. पोशाखात ते वाऱ्यानं कापड जसं वळलं त्या वळणानं जातात. म्हणजे फटकारा रंग लावतो, घडण सांगतो आणि वाऱ्याची दिशाही सांगतो. रंग ओला असतानाच त्यावर दुसरा ओला रंग ठेवला, की कडा सांडतात. दोन वस्तूंमध्ये हवा आहे ही जाणीव तिथून येते. हे शक्य झालं त्यामागे साधी साधनंही होती. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकारानं कथलाच्या नळीत रंग भरण्याची युक्ती काढली, त्यामुळे तैलरंग घेऊन उन्हात जाणं सोपं झालं. धातूच्या पट्टीनं आवळलेले चपटे कुंचले आले, त्यांनी रंगाचा चौकोनी ठसा एका दमात ठेवता येऊ लागला. चेहऱ्यावरचं ऊन दहा मिनिटांत सरकणार असेल, तर कुंचल्याची खूण पुसत बसणं हा खोटेपणा ठरेल. एवढा वेळ आपल्यापाशी होता, असं भासवणं ठरेल. उघडा फटकारा म्हणतो, मला इतकाच वेळ मिळाला आणि तेवढ्यात इतकंच दिसलं. मला त्यात सहीपेक्षा साक्ष जास्त दिसते.

ती वाचायलाही थोडी मेहनत लागते. आधी दूर उभं राहायचं. चित्रकलेचे शिक्षक सांगतात तसे डोळे किलकिले करायचे, म्हणजे तपशील विरघळतात आणि उजेड-काळोखाचे मोठे भाग उरतात. मग जवळ जायचं, इतकं की चेहरा मोडून नुसते रंग राहतील. मग पुन्हा मागे. चेहरा ज्या पावलाला परत जुळून येतो ते पाऊल महत्त्वाचं. तिथे आपल्याला कळतं की पाहणं हे आपणही केलेलं काम आहे. गुळगुळीत चित्र ते काम आपल्यासाठी करून ठेवतं.

संशयी : हे मागे-पुढे करणं दिल्लीत कोणाच्या नशिबात आहे? मोने आणि रेन्वार आपण पुस्तकाच्या पानावर पाहतो किंवा मोबाइलवर. पडदा स्वतः उजेड फेकतो, रंग फक्त पडलेला उजेड परत देतो. पडद्यावर फटकाऱ्याची जाडी नाही, पावलांचं अंतर नाही. आपल्याकडचं कौतुक बरंचसं ऐकीव आहे, हे आधी मान्य करू. जवळचं उदाहरण घ्यायचं तर तुमचे बेंद्रेच घेऊ. लहान वयात माळव्याच्या उन्हात शिकले, १९५० ते १९६६ बडोद्यात शिकवलं, १९५५ मध्ये 'काटा' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, आणि उतारवयात ठिपक्यांकडे वळले. शुद्ध रंगाचे असंख्य ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्यांनी बायका रंगवल्या, खेड्यातली माणसं रंगवली.

त्या चित्रांनी दोन दावे मोडतात. क्षण पकडण्याचा दावा मोडतो, कारण ठिपके घालायला दिवसचे दिवस लागतात, ऊन तोवर थांबत नाही. आणि ठिपके दुरून मिसळले की उजेड वाढतो, हा दावाही पुरता खरा नाही. शेजारचे ठिपके डोळ्यात मिसळले की त्यांची सरासरी होते, बेरीज नाही. पिवळा आणि निळा ठिपका दुरून हिरवा होत नाही, करडा होतो. मग राहिलं काय? घडा घेतलेली, मूल घेतलेली अशी सुडौल, शांत, कोणाचीही असू शकेल अशी बाई. ती व्यक्ती राहिलेली नाही, नमुना झाली आहे. उजेडाच्या मागे लागलं की माणसाचं असं होतं.

रसिक : सरासरीचं तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण पॅलेटवर तेच रंग कालवले तर ते सरासरीहूनही काळवंडतात, म्हणून ठिपक्यांत काही राखलं जातंच. आणि ठिपके कधी पुरते मिसळत नाहीत, ही त्यांची खरी मिळकत आहे. डोळा मिसळू पाहतो आणि हरतो, पुन्हा पाहतो. त्या हेलकाव्यामुळे रंग जिवंत वाटतो. बेंद्र्यांच्या त्या बायका क्षणातल्या नाहीत हे मी मान्य करतो. आयुष्यभर उन्हात पाहिलेल्या अनेक बायकांमधून उरलेला तो उजेड आहे, तो आठवणीतला उजेड आहे. एका दुपारचं ऊन आणि आठवणीतलं ऊन यांत दुसरं कमी खरं असतं का, हे मला ठरवता येत नाही. व्यक्ती तिथे पुसट झाली, हा तुमचा घाव मात्र लागलेला आहे.

संशयी : मग मी दुसऱ्या उजेडाकडे जातो. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून लाल होऊन झिरपणारा प्रकाश. चाळिशीच्या दशकातलं जलरंगातलं काम, आणि समोर हळदणकरांची स्वतःची मुलगी उभी होती. लोक ते रविवर्म्याचं समजतात, इतकं ते कारागिरीनं झळकतं. त्या कारागिरीपेक्षा मला वेगळं काही दिसतं. दिवा माणसानं लावलेला असतो, माणसाच्या हातात असतो, तो चेहऱ्याच्या बाजूचा असतो. हळदणकरांच्या चित्रात उजेड त्या मुलीसाठी आहे. तुमच्या मोनेच्या चित्रात मुलगी उजेडासाठी आहे.

आणि याची परिसीमा कुठे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. छत्रीच्या चित्रानंतर चार वर्षांनी, सप्टेंबर १८७९ मध्ये, कामीय वारली. बत्तीस वर्षांची होती. मोनेनं मृत्युशय्येवरचं तिचं चित्र काढलं. निळे, करडे, जांभळट फटकारे, त्यांच्याखाली बुडालेला चेहरा. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं क्लेमांसो या आपल्या मित्राजवळ सांगितलं की तिच्याकडे पाहताना मृत्यू तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक कोणते रंग आणतो आहे, हेच आपला डोळा टिपत होता, आणि ते लक्षात आल्यावर तो स्वतःच हादरला. ज्या शिस्तीची तुम्ही वाखाणणी करता, ती अशी प्रियजनाच्या चेहऱ्यापाशीही थांबत नाही. तिला गाल आणि गंजी सारखीच.

रसिक : ही गोष्ट मला तुमच्याहून जास्त छळते, कारण मी या चित्रांवर प्रेम करतो. पण तुम्ही तिचं शेवटचं वाक्य पुरेसं धरलं नाही. तो हादरला. गंजीकडे पाहताना तो हादरला नसता. त्याच्या डोळ्याला फरक कळत नव्हता, पण त्याला कळत होता, आणि त्या दोहोंतली फट त्यानं लपवली नाही. चित्रातही ती दिसते. छत्रीच्या चित्रात पोशाखाचे फटकारे घडण बांधतात, मृत्युशय्येच्या चित्रात ते घडण सोडून देतात. ते एका दिशेनं वाहतात, कडा धरत नाहीत, चेहऱ्याभोवती साचतात. तो डोळ्याला थांबवू शकला नाही, पण हात सैल सुटला. हळदणकरांच्या दिव्यात मला फार मोठी माया दिसते. पण जे हातातून निसटतं आहे त्याचं चित्र करायला तो दिवा उपयोगाचा नाही, कारण दिवा विझेपर्यंत आपल्या ताब्यात असतो. ऊन कधीच आपल्या ताब्यात नसतं. माणूसही नसतो.

संशयी : इथे मी एक पाऊल मागे घेतो. माझा मूळ आक्षेप होता की या चित्रांत माणूस हरवतो. आता मला असं म्हणावं लागेल की प्रत्येक मानवचित्रात माणसाचं काहीतरी हरवतंच. फ्रेझरच्या चित्रकारांनी नाव राखलं आणि हवा सोडली. हळदणकरांनी माया राखली, पण घड्याळ थांबवलं. बेंद्र्यांनी उजेडाची आठवण राखली आणि व्यक्ती सोडली. मोनेनं प्रहर राखला आणि चेहरा सोडला. एका उजेडात माणूस पुरता मावत नाही, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. पण उजेडाबाहेर तो कोणाला भेटतच नाही, हे तुमचंही मला खोडता येत नाही. म्हणून चित्रापुढे उभं राहिल्यावर यानं काय मिळवलं हे विचारण्याआधी मी विचारेन, की यानं काय सोडलं, आणि सोडताना ते त्याला कळलं होतं का? ते कळलेलं असेल तर फटकाऱ्यात दिसायला हवं, चित्रकाराच्या नंतरच्या आठवणीत नव्हे. मृत्युशय्येच्या चित्रात तुम्ही ते दाखवलंत, मी मान्य करतो. छत्रीच्या चित्रात मला ते दिसत नाही. तिथे मला फक्त आनंद दिसतो, आणि त्या आनंदात एका बाईचा चेहरा गेलेला दिसतो.

रसिक : छत्रीच्या चित्रात मी बुरख्याकडे बोट दाखवेन. कामीय वळून खाली आपल्याकडे पाहते आहे आणि वारा नेमका तेव्हाच जाळी तिच्या चेहऱ्यावरून ओढून नेतो आहे. पातळ, फिकट फटकारे डोळ्यांवरून जातात. आकाशाचे आणि तिच्या चेहऱ्यावरचे फटकारे तिथे एकमेकांत मिसळतात. चित्रकाराला ती जाळी बाजूला सारता आली असती, कॅनव्हासवर तरी नक्कीच. त्यानं सारली नाही. चेहरा हाती येता येता जातो, हे त्याला तेव्हाच कळलं होतं, असं मी यावरून म्हणतो. तुम्ही म्हणाल की वाऱ्यानं जाळी तिथे आणली आणि त्यानं नुसतं पाहिलं. फटकारा या दोन्ही म्हणण्यांना सारखाच आधार देतो, आणि तो कोणाच्या बाजूचा हे मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.